वारा पडला की 220 केव्हीची समुद्री केबल ट्रिप होते: तपासायला कुठून सुरुवात करायची

तक्रार दर वेळी त्याच शब्दांत येते. "काल रात्री पुन्हा गेली." समुद्रातल्या पवनचक्क्यांची वीज किनाऱ्यावर आणणारी केबल ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप झालेली, म्हणजे व्होल्टेज फार चढल्याने आपोआप तोडली गेलेली असते. ती जाते त्या वेळी तिच्यातून वीज जवळजवळ वाहतच नसते. वारा पडलेला, पाती थांबलेली, वीजनिर्मिती शून्याजवळ, आणि व्होल्टेज मात्र चढत चढत रिलेच्या (मर्यादा ओलांडली की केबल तोडायचा आदेश देणाऱ्या यंत्राच्या) सेटिंगला जाऊन टेकतं. सकाळी केबल पुन्हा चार्ज करतात, म्हणजे ग्रिडला जोडतात, दुपारी वारा येतो, सगळं सुरळीत चालतं. पुढच्या शांत रात्री पुन्हा तेच.

मी नागपुरात बसून हे काम करते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे, पण ग्रिड जोडणीचा अभ्यास मॉडेल, लॉग आणि रेकॉर्डरच्या फाइलींवर होतो, त्यामुळे आयटी पार्कजवळच्या आमच्या लहानशा ऑफिसात आम्ही पाच-सहा जण उत्तर समुद्रातल्या प्रकल्पांचं काम करतो. तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात तेव्हा इकडे उजाडलेलं असतं, म्हणून "पुन्हा गेली" हा निरोप आम्हाला सकाळच्या पहिल्या चहाबरोबर मिळतो. अशाच एका 600 मेगावॅटच्या विंड फार्मवर दोन-अडीच महिन्यांत पाच वेळा हा प्रकार झाला. फार्मचं नाव इथे देत नाही. कारण सापडायला आम्हाला लागला त्याहून कमी वेळ तुम्हाला लागावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी रिलेला हात लावू नका

पहिल्या ट्रिपनंतर साइटवरून सूचना आली की ओव्हरव्होल्टेज रिलेचा वेळ वाढवू. दुसऱ्या ट्रिपनंतर वाढवलासुद्धा. तिसऱ्या वेळी सेटिंगच 110 टक्क्यांवरून वर न्यायची चर्चा सुरू झाली, तेव्हा मी हट्टाने नाही म्हटलं.

220 केव्हीच्या सिस्टिममध्ये उपकरणांची कमाल मर्यादा 245 केव्ही असते. 110 टक्के म्हणजे 242. म्हणजे रिले ओरडतो तेव्हा आपण मर्यादेच्या अगदी काठावर उभे असतो. त्याच्यावर केबलचं इन्सुलेशन, सर्ज अरेस्टर, ट्रान्सफॉर्मरचा कोअर हे सगळं रात्रभर ताणलेलं राहतं, आणि समुद्रतळाशी गाडलेल्या केबलचा फॉल्ट म्हणजे खास जहाज, हवामानाची वाट आणि काही महिन्यांचा खोळंबा. रिले काम बरोबर करत होता. त्याला गप्प करून केबल वाचली नसती.

आमच्या शेजारी एक काका राहतात, आयुष्यभर विदर्भातल्या सबस्टेशनांवर ऑपरेशनला होते. त्यांच्यासमोर मी हा ग्राफ ठेवला. त्यांनी समुद्र कधी पाहिलाय की नाही कोण जाणे, पण ग्राफ पाहून लगेच म्हणाले, "कायले रिलेच्या मागं लागली बाई? रिले तं फक्त सांगून राह्यला. रिॲक्टर कुठी आहे ते पाय." (रिॲक्टर म्हणजे व्होल्टेज खाली ओढणारी मोठी गुंडाळी.)

मग त्यांनी जूनमधली एक संध्याकाळ सांगितली. नागपुरात उन्हाळाभर घरोघरी कुलर चालू असतात. त्यातल्या पंख्याच्या आणि पंपाच्या मोटारी रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता ये-जा करणारी, पण व्होल्टेज वर-खाली करणारी वीज) ओढतात, ती भरून काढायला सबस्टेशनवरच्या कपॅसिटर बँका घातलेल्या असतात. मग एके संध्याकाळी पहिला जोरदार पाऊस येतो. अर्ध्या तासात अख्खं शहर कुलर बंद करतं. लोड गेला, कपॅसिटर तसेच घातलेले, आणि पॅनलवरचा व्होल्टमीटरचा काटा डोळ्यांदेखत वर सरकायला लागतो. कंट्रोल रूमच्या पत्र्यावर पाऊस वाजतोय, आणि काका एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने एकेक कपॅसिटर बाहेर काढतायत. पावसाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या रात्री हलक्या लोडवर लांब 400 आणि 765 केव्हीच्या लाइनी व्होल्टेज आवरायला मुद्दाम उघडून ठेवाव्या लागतात, हे या भागातल्या ऑपरेटरांना नवं नाही.

समुद्रातली केबल म्हणजे त्यांचा तो कपॅसिटरच आहे, फक्त तो काढता येत नाही, कारण वीज त्याच्यातूनच आणायची आहे.

किती रिॲक्टिव्ह आहे ते कागदावर मांडा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी हा हिशोब हाताने करा. दहा मिनिटांचं काम आहे.

220 केव्हीच्या तीन-कोअर समुद्री केबलची कपॅसिटन्स साधारण 0.19 मायक्रोफॅरड प्रति किलोमीटर धरली, तर 50 हर्ट्झवर किलोमीटरमागे जवळपास 2.9 एमव्हीएआर (रिॲक्टिव्ह पॉवरचं माप) तयार होतात. त्याच व्होल्टेजची ओव्हरहेड लाइन किलोमीटरमागे 0.13 एमव्हीएआरच्या आसपास देते. म्हणजे केबल वीसपट. आमच्याकडे दोन केबल होत्या, प्रत्येकी सुमारे 60 किलोमीटर. एकेका केबलचे 170, दोन्हींचे मिळून 340 एमव्हीएआर. पवनचक्क्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या 66 केव्हीच्या ॲरे केबल हमखास विसरल्या जातात. त्या 100 किलोमीटर होत्या, त्यांचे आणखी 34. एकूण 374.

आता शोषणारं कोण? प्रत्येक केबलच्या समुद्राकडच्या टोकाला 60 आणि किनाऱ्याकडच्या टोकाला 70 एमव्हीएआरचा शंट रिॲक्टर होता. दोन्ही केबलचे मिळून 260. उरले 114 एमव्हीएआर. हे उरलेले पवनचक्क्यांच्या कन्व्हर्टरनी (मशीनची वीज ग्रिडजोगी करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागांनी) शोषायचे असं डिझाइनमध्ये गृहीत धरलं होतं, आणि फार्म चालू असताना ते सहज जमतं. 600 मेगावॅटच्या फार्मला 0.95 पॉवर फॅक्टरपर्यंत जाता येत असेल, तर त्याच्याकडे 197 एमव्हीएआर असतात.

वारा सेकंदाला तीन-चार मीटरच्या खाली गेला की पवनचक्की थांबते. बहुतेक मशीनमध्ये त्याबरोबर कन्व्हर्टरही ग्रिडपासून सुटतो. 197 मधले एकदम शून्य उरतात, आणि 114 एमव्हीएआर सरळ ग्रिडकडे निघतात.

त्याने व्होल्टेज किती चढेल? ढोबळ सूत्र पुरतं: जादा एमव्हीएआर भागिले त्या ठिकाणची फॉल्ट लेव्हल, म्हणजे ग्रिड तिथे किती मजबूत आहे याचं माप. दिवसा ग्रिडवर मोठी जनित्रं चालू असताना ती 2,500 एमव्हीए असेल, तर वाढ साडेचार टक्के. रात्री त्यातली काही बंद होऊन 1,800 वर आली, तर सव्वासहा टक्के. मुळात ग्रिडच 103 टक्क्यांवर असेल, तर आपण 109 च्या पुढे गेलोच.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण आमच्याकडे नव्याने आलेली मुलं हमखास यात अडकतात. "मॅडम, फेरांती इफेक्ट आहे," असं ती सांगतात. फेरांती इफेक्ट म्हणजे केबलच्या मोकळ्या टोकाला दिसणारी वाढ. 60 किलोमीटरला ती दीड टक्क्याच्या आतच बसते. खरी वाढ केबलच्या आत होत नाही. केबलची रिॲक्टिव्ह पॉवर ग्रिडच्या इम्पीडन्समधून उलटी वाहते, तिथे होते. म्हणून तीच केबल मजबूत ग्रिडला जोडली की गुणी वागते आणि अशक्त ग्रिडला जोडली की छळते.

घड्याळ बघा

ओव्हरव्होल्टेज या एका शब्दाखाली निदान चार वेगळे आजार येतात. ते ओळखायचे ते व्होल्टेज किती वेळात चढलं यावरून.

मिनिटामिनिटाने हळूहळू चढत गेलं असेल, तर प्रश्न रिॲक्टिव्हच्या ताळेबंदाचा आहे. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

करवतीच्या दातांसारखं वर-खाली होत असेल, दर अर्ध्या-एक मिनिटाने एक दात, तर दोन नियंत्रणं एकमेकांशी भांडतायत. एक टॅप चेंजर (ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर पायरीपायरीने बदलून व्होल्टेज सावरणारं यंत्र) आणि एक प्लांट कंट्रोलर (सगळ्या पवनचक्क्यांना मिळून आदेश देणारं नियंत्रण), किंवा टॅप चेंजर आणि रिॲक्टरचा ब्रेकर. टॅपची पायरी 1.25 टक्के असेल तर त्याचा एकूण डेडबँड (ज्या पट्ट्यात व्होल्टेज असताना टॅप हलत नाही तो) 2 टक्क्यांच्या खाली नेऊ नका, आणि टॅप चेंजरचा वेळ कंट्रोलरच्या वेळेपेक्षा स्पष्टपणे लांब ठेवा. कंट्रोलर सेकंदांत हलतो, टॅपने मिनिटभर थांबावं. हा आजार इथेच संपतो, यावर जास्त वेळ घालवू नका.

सेकंदात अनेक वेळा हेलकावे आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा असेल, तर प्रकरण गंभीर आहे. 9 ऑगस्ट 2019 रोजी इंग्लंडमध्ये एका 400 केव्ही लाइनवर वीज पडली आणि हॉर्नसी वन या विंड फार्मची निर्मिती क्षणात 799 मेगावॅटवरून 62 वर आली. त्याच सुमाराला एक गॅस प्रकल्पही सुटला, फ्रीक्वेन्सी 48.8 हर्ट्झपर्यंत पडली आणि सुमारे 11 लाख ग्राहकांची वीज गेली. चौकशीत निघालं की फार्मच्या व्होल्टेज नियंत्रणात 10 हर्ट्झच्या आसपासचे हेलकावे नीट दबत नव्हते. दुसऱ्याच दिवशी सॉफ्टवेअर बदललं गेलं. आपल्या कामाचा मुद्दा असा की सेकंदाला एक नमुना घेणाऱ्या स्काडाच्या (साइटवर देखरेख आणि नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या) ट्रेंडवर 10 हर्ट्झचा हेलकावा दिसूच शकत नाही. दहा मिनिटांच्या सरासरीची तर गोष्टच सोडा. डिस्टर्बन्स रेकॉर्डरची फाइल मागवल्याशिवाय हा आजार नाही असं म्हणू नका.

चौथा प्रकार केबल किंवा ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना दिसतो: व्होल्टेजचा आकारच वेडावाकडा होतो आणि काही सेकंद तसाच राहतो. हा हार्मोनिक रेझोनन्स: 50 हर्ट्झच्या पटीतल्या एखाद्या फ्रीक्वेन्सीला सिस्टिम स्वतःच साथ देते. त्याच्याकडे पुढे येते, कारण पहिला आजार बरा करताना आम्हीच तो जवळजवळ ओढवून घेतला होता.

आमच्या पाच ट्रिप

पाचही रात्रींचे ट्रेंड मी एकाच कागदावर छापून घेतले आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक धरून पाहिले. स्क्रीनवर तेच करता येतं, पण काचेवर धरल्यावर जे दिसलं ते स्क्रीनवर आठवडाभर दिसलं नव्हतं. पाचही रेषांची चढण सारखी होती: 226, 229, 233, 238, मग 242 आणि खाली. आणि पाचही ठिकाणी चढण सुरू व्हायच्या आधी एक सपाट भाग होता, जवळपास पाऊण तासाचा. वारा पडलाय, रिॲक्टिव्ह वाढतंय, तरी व्होल्टेज हलत नाही. मग अचानक मोकळं सुटतं.

त्या सपाट भागाखाली मी टॅप चेंजरच्या जागा पेन्सिलने लिहिल्या. किनाऱ्यावरच्या 400/220 ट्रान्सफॉर्मरचा टॅप चेंजर एकेक पायरी उतरत होता. पाऊण तास त्यानेच सगळं झाकून धरलं होतं. शेवटच्या पायरीवर पोचला आणि त्याच्याकडे द्यायला काही उरलं नाही, तेव्हा व्होल्टेज सुटलं. म्हणजे बिघाड ट्रिपच्या पाऊण तास आधी सुरू झालेला असायचा आणि आम्ही सगळे शेवटची पाच मिनिटं बघत बसायचो. टॅपची जागा आणि व्होल्टेज नेहमी एकाच कागदावर घ्या, ही सवय मला तेव्हापासून लागली.

आता काकांचा प्रश्न: रिॲक्टर कुठे होता? पहिल्या तीन ट्रिपच्या वेळी किनाऱ्यावरचा एक 70 एमव्हीएआरचा रिॲक्टर बाहेर होता. भरपूर वाऱ्याच्या दिवसांत व्होल्टेज खाली जातं म्हणून ऑपरेटरने तो काढला होता, मॅन्युअलवर टाकला होता, आणि पाळी बदलताना ते पुढच्याला कळलं नव्हतं. 114 मध्ये 70 मिळवा, 184 होतात. 1,800 ने भागा, दहा टक्के. ट्रिप न होती तरच नवल. रिॲक्टर ऑटोवर घेतला. महिना शांत गेला. आम्ही अहवालात "कारण सापडलं" असं लिहून दिलं.

चौथी ट्रिप झाली तेव्हा तो रिॲक्टर घातलेला होता.

त्या सकाळचं मला अजून वाईट वाटतं, कारण अहवालावर सही माझी होती. एक खरं कारण सापडलं म्हणून दुसरं शोधायचं थांबलो होतो. असा वारंवार येणारा बिघाड बहुधा दोन-तीन कारणांच्या आधारावर उभा असतो. एक काढलं की तो थोडा कमी वेळा येतो, आणि आपल्याला वाटतं गेला.

दुसरं कारण प्लांट कंट्रोलरमध्ये होतं. मी शेवटी जे आधीच करायला हवं होतं ते केलं: कंट्रोलर किती रिॲक्टिव्ह *मागतोय* आणि प्रत्यक्षात किती *मिळतंय*, या दोन रेषा शेजारी काढल्या. वारा असताना दोन्ही रेषा एकीवर एक. वारा पडायला लागला की मागणी उणे 150 वर जाऊन चिकटलेली, आणि मिळणारं उणे 90, उणे 40, शून्य. कंट्रोलर समजत होता की त्याच्याकडे अजून 150 एमव्हीएआर शिल्लक आहेत. कारण तो पवनचक्क्या मोजताना "उपलब्ध" हा सिग्नल धरत होता. वारा नाही म्हणून थांबलेली पवनचक्की उपलब्धच असते, तिच्यात काही बिघाड नसतो. पण तिचा ब्रेकर उघडा असतो आणि ती एक एमव्हीएआरसुद्धा देऊ शकत नाही.

याचा दुसरा परिणाम जास्त घातक. रिॲक्टर ऑटोवर होते खरे, पण दुसऱ्या केबलचा रिॲक्टर घालायचा निर्णय "कंट्रोलरकडे शिल्लक किती" यावर घेतला जात होता. कागदावर शिल्लक भरपूर, म्हणून रिॲक्टर घालायचा आदेशच निघत नव्हता. हातात साधन असून वापरलं जात नव्हतं. इतका साधा घोळ दोन महिने आमच्या डोळ्यांसमोर होता.

काय बदललं

कंट्रोलरमधली मोजणी ब्रेकरच्या स्थितीवर आणली. मशीन ग्रिडला जोडलेलं असेल तरच त्याचे एमव्हीएआर धरायचे. तुमच्याकडे असं काही होत असेल तर सर्वांत आधी हे विचारा, कारण यात लोखंड-तांबं काही लागत नाही, सॉफ्टवेअरची एक ओळ लागते आणि ती तपासायला एक शांत रात्र.

रिॲक्टर घालायची वेळ शिल्लकीवरून काढून निर्मितीवर टाकली: फार्म 25 टक्क्यांच्या खाली आला की सगळे रिॲक्टर आत, 40 टक्क्यांच्या वर गेला तरच एक बाहेर, आणि मधे किमान वीस मिनिटांचा विसावा. मधलं 25 ते 40 चं अंतर मुद्दाम मोठं ठेवलंय. वारा रेंगाळतो तेव्हा फार्म तासभर 30 टक्क्यांच्या आसपास वर-खाली करत राहतो, आणि अंतर लहान असेल तर रिॲक्टरचा ब्रेकर एका रात्रीत महिन्याची कामं करून बसतो. हे आकडे आमच्या फार्मचे आहेत, तुमचे तुम्ही अभ्यासातून काढा.

तिसरी गोष्ट, काही मशीनना वारा नसतानाही कन्व्हर्टर जोडलेला ठेवून रिॲक्टिव्ह द्यायला लावता येतं. आमच्या मशीनमध्ये ती सोय होती, फक्त चालू केलेली नव्हती, कारण कन्व्हर्टर रात्रभर जागा ठेवायचा तर तो ग्रिडमधून थोडी वीज खातो आणि ते बिल कोणी भरायचं हे करारात लिहिलेलं नव्हतं. एक-तृतीयांश मशीनवर ती सोय चालू करायचं ठरलं. एवढ्याने साठेक एमव्हीएआर हाताशी आले. स्टॅटकॉम (रिॲक्टिव्ह पॉवर देणारं आणि शोषणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) लावा असा सल्ला सुरुवातीपासून मिळत होता. स्टॅटकॉम उत्तम यंत्र आहे, पण असलेले रिॲक्टर आणि कन्व्हर्टर नीट न वापरता त्याच्यावर कोट्यवधी खर्च करायला मी कधीच सांगणार नाही.

केबल फारच लांब असेल तर मात्र टोकांचे रिॲक्टर पुरत नाहीत. हॉर्नसी वन किनाऱ्यापासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे आणि तरी वीज एसीनेच आणते. त्यासाठी केबलच्या वाटेत समुद्रातच रिॲक्टरचा एक वेगळा फलाट उभा केला आहे. त्याहून लांबच्या फार्मांना डीसीकडे वळावं लागतं. आपल्याकडे चंद्रपूर-पडघे ही 752 किलोमीटरची 500 केव्ही डीसी लाइन 1999 पासून आहे, त्यामुळे विदर्भातल्या इंजिनिअरला डीसी परकं नाही. पण चंद्रपूरची लाइन डीसी झाली ती अंतरामुळे आणि मोठी वीज एका बिंदूकडून दुसऱ्या बिंदूकडे न्यायची म्हणून. समुद्रात केबलची कपॅसिटन्स हेच मुख्य कारण असतं, आणि त्यामुळे ओव्हरहेड लाइनच्या मानाने फारच कमी अंतरावर डीसीचा विचार करावा लागतो.

केबल पुन्हा चार्ज करताना

शांत रात्री एक केबल उघडीच ठेवावी, हा काकांचा मार्ग आम्ही तात्पुरता वापरला. समुद्रातल्या सबस्टेशनवर दोन्ही बस (केबल जिथे येऊन जुळतात त्या वाहक पट्ट्या) जोडता येत असतील तर एका केबलवर सगळ्या मशीनचे हीटर, पंप, डिह्युमिडिफायर चालतात, आणि 170 एमव्हीएआर एका झटक्यात कमी होतात. उपाय गुणकारी आहे. पण उघडलेली केबल सकाळी परत घालायची असते, आणि तिथे दोन धोके आहेत.

पहिला धोका माणसांचाही आहे, म्हणून तो ठळकपणे सांगते. केबल आणि तिचे रिॲक्टर एकाच ब्रेकरने एकत्र घालत असाल, आणि रिॲक्टर केबलच्या निम्म्याहून जास्त भरपाई करत असतील, तर ब्रेकर बंद केल्यावर लगेच उघडू नका. आमच्याकडे भरपाई 130 भागिले 170 म्हणजे 76 टक्के होती. अशा वेळी केबलचा आणि रिॲक्टरचा एसी प्रवाह एकमेकांना बरंच खोडून काढतात, आणि रिॲक्टरमधला डीसी भाग उरतो. तो हळूहळू ओसरतो. तोवर ब्रेकरमधला प्रवाह शून्यातून जातच नाही, आणि शून्यातून न जाणारा प्रवाह एसी ब्रेकरला तोडता येत नाही. आर्क तसाच पेटत राहतो. चार्ज करताना एखादा रिॲक्टर बाहेर ठेवून नंतर घालणं हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग, आणि त्या अवधीत व्होल्टेज कुठे जाईल हे आधी तपासलेलं हवं. व्होल्टेजच्या शिखरावर ब्रेकर बंद केला तर रिॲक्टरचा डीसी नाहीसा होतो, पण केबलचा झटका सर्वांत मोठा बसतो. यातलं कोणतं पत्करायचं हे ब्रेकरच्या उत्पादकाला विचारूनच ठरवा.

दुसरा धोका रेझोनन्सचा. किती हर्ट्झवर तो येईल याचा अंदाज लावायला फॉल्ट लेव्हल भागिले केबलचे एमव्हीएआर, त्याचं वर्गमूळ, गुणिले 50. आमचं दिवसाचं उत्तर: 2,500 भागिले 374, वर्गमूळ 2.58, म्हणजे 129 हर्ट्झ. रात्रीचं: 1,800 भागिले 374, वर्गमूळ 2.19, म्हणजे 110. रिॲक्टर धरले की दोन्ही आकडे थोडे वर सरकतात. ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना त्याच्या इनरशमध्ये (सुरुवातीला खेचल्या जाणाऱ्या मोठ्या प्रवाहात) 100 हर्ट्झचा भाग भरपूर असतो. अशक्त ग्रिडच्या रात्री आपण स्वतःहून त्या 100 च्या जवळ जाऊन उभे राहतो, आणि मग तो इनरश सिस्टिमला काही सेकंद घंटेसारखं वाजवत ठेवतो. एका पहाटे घाईने केबल घातली तेव्हा रेकॉर्डरवर मला तसा वाकडातिकडा आकार दिसला. तेव्हापासून साइटला लेखी कळवलंय की पहाटे तीनला सुटलेली केबल पहाटे चारला घालू नका, ग्रिडवर जनित्रं वाढेपर्यंत थांबा.

आपल्या किनाऱ्यासाठी

जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्री पवनऊर्जेसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली, गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांवर प्रत्येकी 500 मेगावॅटसाठी. या दोन्ही किनाऱ्यांवर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या महिन्यांत वारा भरपूर असतो आणि पावसाळा सरला की तो बराच उतरतो. उन्हाळा संपलेला, लोड हलका, वारा पडलेला, अशा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री केबल रिकामी आणि ग्रिडचं व्होल्टेज आधीच चढलेलं असेल. त्यात आपल्या ग्रिड कोडप्रमाणे व्होल्टेज 103 टक्क्यांच्या वर असताना रिॲक्टिव्ह ढकलणाऱ्याला पैसे मोजावे लागतात, तसेच 97 च्या खाली असताना ओढणाऱ्यालाही. म्हणजे ट्रिप झाली नाही तरी ही चूक दर महिन्याच्या हिशोबात दिसेल. वारा शून्य असताना रिॲक्टिव्ह कोणी शोषायचं, हे निविदेच्या कागदातच लिहून घ्या. केबल टाकल्यावर ते भांडण सोडवणं फार महाग पडतं.

कोणाला याच प्रकारात मदत हवी असेल तर ट्रिपच्या आधीचे पूर्ण दोन तास द्या, शेवटची पाच मिनिटं नकोत. त्यात 220 आणि 400 दोन्ही बाजूंचं व्होल्टेज, टॅपची जागा, प्रत्येक रिॲक्टरचा ब्रेकर आणि तो ऑटोवर होता की मॅन्युअलवर, कंट्रोलरने मागितलेले आणि मिळालेले एमव्हीएआर, आणि किती पवनचक्क्यांचे ब्रेकर बंद होते हे सगळं एकाच वेळेच्या पट्टीवर असावं. घड्याळं जुळलेली आहेत का तेही पाहा. आमच्याकडे समुद्रातल्या सबस्टेशनचं घड्याळ किनाऱ्यापेक्षा चार सेकंद पुढे निघालं आणि त्या चार सेकंदांपायी कोणती केबल आधी सुटली यावर दोन मीटिंगा वाया गेल्या.

आमच्या फार्मवर बदल केल्यानंतर शांत रात्री बऱ्याच आल्या. व्होल्टेजची रेषा 227-228 वर राहते आणि टॅप चेंजर मधल्या पायऱ्यांवर असतो. रेझोनन्सचा प्रश्न मात्र अजून उघडा आहे. चार्जिंगच्या वेळी ट्रान्सफॉर्मरच्या ब्रेकरला पॉइंट-ऑन-वेव्ह रिले (व्होल्टेजच्या लाटेवरचा नेमका क्षण साधून ब्रेकर बंद करणारा) बसवायचा आहे, तो पुढच्या शटडाउनमध्ये बसेल.